सत्त्याण्णवाव्या पानावरच्या कोंबड्या

सामन्याचं शेवटचं षटक चालू होतं आणि नेमके तेव्हाच सासरेबुवा हातात टेप घेऊन टीव्हीसमोर उभे राहिले.

"जावईबापू, जरा हे टोक धरा."

चष्मेवाल्यांनी मान डावीकडे काढून पाहिलं, मग उजवीकडे. सासरे दोन्हीकडे पुरून उरत होते. शेवटी त्यांनी निमूटपणे उठून टेपचं टोक धरलं. आतून बायको ओरडली, "काय मोजताय बाबा?"

"भिंत. दोन कपाटं आरामात बसतात. हे खोकं काढलं की झालं."

हे खोकं म्हणजे चष्मेवाल्यांचा टीव्ही. दिवसभर आपल्या चष्म्याच्या दुकानात लोकांच्या डोळ्यांत बॅटरी मारून घरी आलं की त्यांचे स्वतःचे डोळे या खोक्यात जे रुतायचे, ते जेवणाचं ताट पुढे आलं तरी निघायचे नाहीत. सासरेबुवा हे निवृत्त हेडमास्तर. सासूबाई गेल्यानंतर काही वर्षं ते एकटेच राहिले, आणि आता लेकीच्या आग्रहाने कायमचे राहायला आले होते. येताना कपडे एका पिशवीत मावले होते. पुस्तकांची कपाटं मात्र बोळकांडीत उभी होती, आणि घरातली सगळी माणसं आठवडाभर न्हाणीघरात तिरकी होऊन जात होती.

"बाबा, टीव्ही काय वाईट आहे हो?" चष्मेवाले कळवळून म्हणाले. "पुस्तकात गोष्ट असते, टीव्हीतही गोष्टच असते. इथे निदान माणसं दिसतात तरी."

"दिसतात, हीच तर पंचाईत. दुसऱ्याने दाखवलेलं बघायचं. पुस्तक वाचताना स्वतःच्या डोक्यात दिवा लावावा लागतो. तुम्ही कधी अख्खं पुस्तक वाचलंय?"

चष्मेवाले विचारात पडले. बायको मदतीला धावली, पण नको तिकडून. "फ्रिजचं वाचलं होतं ना, माहितीपत्रक!"

सासरे फक्त हसले. नाकावर माशी बसू न देणारा माणूस असा हसला की समोरच्याला फार लागतं. चष्मेवाल्यांना लागलं. ते म्हणाले, "द्या एक पुस्तक. महिन्याभरात वाचून गोष्ट सांगतो. सांगितली तर टीव्ही जागेवर राहील."

"आणि नाही सांगता आली तर?"

"तर भिंत तुमची."

सासरे बोळकांडीत गेले, कपाटाच्या वरच्या कप्प्यावरून बोटं फिरवली आणि लाल कापडी बांधणीचं एक जाडजूड पुस्तक काढून आणलं. त्यांची सगळ्यांत लाडकी रहस्यकादंबरी. पानं सुटी होऊन लोंबायला लागली होती, म्हणून सासूबाई गेल्या त्या वर्षी त्यांनी ती बाइंडरकडून नव्याने बांधून घेतली होती. "दर वर्षी एकदा वाचतो," सासरे म्हणाले, आणि पुस्तक असं हातात दिलं जणू तान्हं मूल देताहेत.

सुरुवातीचे दिवस फार वाईट गेले. पान उघडलं की चष्मेवाल्यांना तहान लागे, मग कुणाला तरी फोन करायचा आठवे, मग झोप येई. गोष्टीत एक मोठं घर होतं, एक श्रीमंत आणि खाष्ट काका होते, त्यांची पुतणी होती आणि रोज तपासायला येणारे एक डॉक्टर होते. सगळी जणं सावकाश चहा पीत होती. टीव्हीवर एव्हाना दोघांचं लग्न मोडून तिसरा घरात आला असता.

पण हळूहळू एक गंमत झाली. या माणसांना चेहरे द्यायचे तर ते आपल्यालाच द्यावे लागतात, हे चष्मेवाल्यांच्या ध्यानात आलं. आणि चेहरा म्हटला की त्यांना आधी फ्रेम सुचायची. काकांना त्यांनी जाड काळी फ्रेम दिली. डॉक्टरांना बिनकाठाची, सोनेरी काड्यांची. पुतणीला पुष्कळ विचार करून काहीच दिलं नाही, तिचे डोळे चांगले ठेवले. टीव्हीवर कुठल्याही नटाचा चष्मा त्यांना कधी पटला नव्हता. इथे सगळ्यांचे चष्मे अगदी नाकावर बसले. मग काका रात्रीतून गायब झाले, घरभर शोधाशोध सुरू झाली, आणि चष्मेवाले दुकानात गिऱ्हाईक बसवून ठेवून काउंटरखाली पुस्तक वाचू लागले.

शहाण्णवाव्या पानाच्या तळाशी डॉक्टरांनी माळ्यावरच्या खोलीचं दार ढकललं. आत मिट्ट काळोख. डॉक्टरांनी काडी ओढली. जमिनीवर

चष्मेवाल्यांनी श्वास रोखून समोरच्या पानावर उडी मारली.

लाकडाच्या भुशाचा चार बोटं जाड थर पसरावा. पिल्लांना ऊब लागेल इतपत दिवा खाली सोडावा. पिल्लं एका कोपऱ्यात गोळा झाली तर त्यांना थंडी वाजते आहे असे समजावे.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. पिल्लं होती तिथेच होती. खाली एका कोंबडीचं चित्रही होतं, चांगलं अर्ध्या पानाचं. पानाचे नंबर पाहिले तर शहाण्णव, सत्त्याण्णव, बिनचूक. अक्षर तेवढं जरासं मोठं झालं होतं. लेखकाला वाचकांच्या डोळ्यांची काळजी दिसते, एवढाच अर्थ त्यांना त्यातून लावता आला.

मग त्यांची पाचावर धारण बसली. आपणच मधे कुठेतरी डुलकी घेतली असणार. त्यांनी मागची पानं पुन्हा वाचली. काका, पुतणी, डॉक्टर, काडी, जमिनीवर, आणि भुसा. पुन्हा वाचली. पुन्हा भुसा. इतकी वर्षं रोज टीव्ही बघून आपल्या मेंदूचं काय झालं असेल ते आता कळतंय, असं वाटून त्यांच्या कपाळावर घाम आला. वाक्य वाचलं की कळत होतं, पण गोष्ट डोक्यात धरून ठेवता येत नव्हती. सासरे म्हणतात तो दिवा बहुतेक कायमचा गेला होता.

घरी गेल्यावर त्यांनी बायकोला आडून विचारलं, "समज हं, एखाद्या गोष्टीत खून झालाय की काय अशी वेळ आली, आणि एकदम कोंबड्या आल्या. तर काय समजायचं?"

दिवसभर पोस्टाच्या काउंटरवर बसून आलेली बायको पोळ्या लाटत होती. "जाहिरात लागली असं समजायचं."

"पुस्तकात?"

"मग मला नाही माहीत. बाबांना विचारा ना, ते बसलेत बाल्कनीत."

बाल्कनीत सासरे मांडीवर पुस्तक घेऊन बसले होते. एका लयीत पान उलटत होते, नजर कधी पुस्तकावर, कधी समोरच्या झाडावर. काय वेग आहे वाचनाचा! चष्मेवाल्यांची छाती दडपली. त्यांना विचारणं म्हणजे भिंत आत्ताच देऊन टाकण्यासारखं होतं. नुसतं विषय काढायला म्हणून त्यांनी वर्तमानपत्र पुढे केलं. सासऱ्यांनी ते बाजूला सारलं. "सगळं तेच ते असतं हो. तुम्हीच सांगा काय विशेष."

सुटका झाली ती दुकानात. कॉलेजात साहित्य शिकवणाऱ्या एक बाई फ्रेम सैल झाली म्हणून आल्या. स्क्रू आवळता आवळता चष्मेवाल्यांनी त्यांना कोंबड्यांचा प्रश्न घातला, अर्थात एका मित्राचा म्हणून.

बाई खुर्चीत पुढे सरकल्या. "वाक्य मधेच तुटतं? आणि पिल्लं थंडीने कोपऱ्यात गोळा होतात? वा! अहो, लेखक तुम्हाला मृत्यू दाखवतच नाहीये. तो तुम्हाला ऊब दाखवतोय. ती पिल्लं म्हणजे ते कुटुंब."

"आणि भुसा?"

"भुसा म्हणजे वरवरची सभ्यता," बाई म्हणाल्या, आणि क्षणभर थांबून, "कोण लेखक आहे हा? मी कसा वाचला नाही?"

चष्मेवाल्यांच्या जिवात जीव आला. मेंदू शाबूत होता, पुस्तकच थोर निघालं! ते घरी आले आणि टीव्ही न लावता थेट सत्त्याण्णवाव्या पानावर जाऊन बसले. आता सगळं उलगडायला लागलं. पाणी रोज बदलावे, ही डॉक्टरांच्या मनाची तडफड होती. भांडकुदळ कोंबड्यांना वेगळे ठेवावे, हा तर सरळ काकांना टोमणा होता. एकशे बाराव्या पानाच्या शेवटी तर लेखकाने कमालच केली होती. आजारी पिल्लू ओळखायचे ते त्याच्या मलूल डोळ्यांवरून आणि, असं तिथे होतं, आणि समोरच्या पानावर लगेच पुढे, हातातल्या पिस्तुलावरून पुतणीला कळून चुकलं की हा माळी नव्हे.

पुढे आणखी दोन ठिकाणी कोंबड्या आल्या. एव्हाना चष्मेवाले त्यांची वाटच बघायला लागले होते. काकांना कुणी मारलं ते शेवटी कळलं, पण त्यापेक्षा साथीच्या रोगात पिल्लं वाचली की नाही याची त्यांना जास्त काळजी लागली होती, आणि ते काही लेखकाने सांगितलंच नाही. एका आजोबांना वाचायचा चष्मा देताना त्यांच्या तोंडून "दिवा जरा खाली सोडत जा, म्हणजे ऊब राहील" असं निघून गेलं. आजोबा काही न कळून मान डोलावत गेले. टीव्हीवर धूळ बसली. अंतिम सामना होऊन गेला आणि कोण जिंकलं हे चष्मेवाल्यांना दुसऱ्या दिवशी दूधवाल्याकडून कळलं. खरं सांगायचं तर त्यांना इतकं मजेत कधीच वाटलं नव्हतं.

परीक्षेच्या रविवारी चहा झाला आणि सासरे खुर्चीत ताठ बसले. बायको पंच म्हणून मधे. भिंतीवरचा टीव्ही आरोपीसारखा काळाठिक्कर.

"बोला," सासरे म्हणाले.

चष्मेवाले बोलू लागले आणि बोलतच सुटले. काका, पुतणी, चहा, गायब होणं. सासऱ्यांच्या भुवया कौतुकाने वर गेल्या. "मग डॉक्टर माळ्यावर जातात," चष्मेवाल्यांनी आवाज खाली आणला. "काडी ओढतात. आणि बाबा, तिथे ती पिल्लं!"

"कसली पिल्लं?"

"कोंबडीची. थंडीने कोपऱ्यात गोळा झालेली. मला तर तिथे भरून आलं."

सासरे लेकीकडे बघू लागले. लेक नवऱ्याकडे बघू लागली.

"म्हणजे अर्थ मला लागला हं," चष्मेवाले घाईने म्हणाले. "भुसा म्हणजे सभ्यता. पण लेखकाने शेवटी कोंबड्यांचं काय झालं ते सांगायला हवं होतं."

"चेष्टा करताय माझी?" सासरे ताडकन उठले. "आयुष्यभर हे पुस्तक वाचत आलो मी! त्यात कोंबडीचं पीससुद्धा नाही! कुठल्या तरी मालिकेतलं बघून आलात आणि इथे ठोकून देताय."

"तुमची शपथ, बाबा! पान सत्त्याण्णव!"

"आणा पुस्तक!"

चष्मेवाल्यांनी पान उघडून हातात दिलं. सासऱ्यांनी दोरा बांधलेल्या काडीचा आपला जुनापुराणा चष्मा सावरला, पुस्तक लांब धरलं, ओळीवर बोट ठेवलं आणि वर्गात वाचावं तसं खणखणीत वाचायला सुरुवात केली.

"जमिनीवर काका पडले होते. त्यांच्या उशाशी त्यांचा चष्मा नीट घडी करून ठेवलेला होता. डॉक्टर बराच वेळ त्या चष्म्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, पडणारा माणूस चष्म्याची घडी करून ठेवत नाही."

चष्मेवाल्यांच्या अंगावर काटा आला. चष्म्याची घडी! एवढी नामी खूण पुस्तकात होती आणि ती आपल्याच नजरेतून सुटली? ते सासऱ्यांच्या मागे जाऊन उभे राहिले आणि खांद्यावरून वाकून बघू लागले. बोट भुशावर होतं. आवाज काकांवर होता. त्यांनी डोळे चोळले. एकच पान, सासऱ्यांना त्यात प्रेत दिसतंय आणि आपल्याला पिल्लं! यातलं कुणीतरी एक वेडं झालं होतं, आणि इतक्या वर्षांच्या टीव्हीकडे बघता ते कोण असावं याबद्दल त्यांना फारशी शंका नव्हती.

सासरे वाचतच होते. बोट एकेक ओळ खाली सरकत होतं. परिच्छेद संपला, बोट आणखी खाली आलं, आणि कोंबडीच्या चित्रावर चढलं. शेपटीवरून पाठीवर, पाठीवरून तुऱ्यावर, अगदी ओळीने. "पुतणीने दाराची चौकट घट्ट धरली," सासरे वाचत होते.

"अहो बाबा, इथे तर," बायको वाकून म्हणायला लागली. चष्मेवाल्यांनी तिच्या पायावर पाय दिला.

"आई गं!"

"हरलो मी," चष्मेवाले मोठ्याने म्हणाले. "बाबा, तुमचंच बरोबर. मी बहुतेक दोन पानं एकदम उलटली. कोंबड्या मी टीव्हीत बघितल्या असतील. भिंत तुमची."

त्याच दुपारी टीव्ही खाली उतरला आणि कपाटं भिंतीला लागली. टीव्ही बोळकांडीत उभा राहिला आणि माणसं पुन्हा तिरकी चालू लागली. बायको स्वयंपाकघरात कुजबुजली, "मी बघितलं ना डोळ्यांनी, कोंबडीच होती! मग हरलात कशाला?" चष्मेवाले म्हणाले, "उद्या सांगतो." सासरे जिंकूनही पडलेल्या चेहऱ्याने कपाटासमोर बसून राहिले होते.

पुस्तकं लावताना चष्मेवाल्यांना त्याच लाल कापडाचं, त्याच जाडीचं आणखी एक पुस्तक सापडलं होतं. घरगुती कोंबडीपालन. आतल्या पानावर सासूबाईंनी बटाट्यासारख्या गोल अक्षरात आपलं नाव घातलं होतं. त्यांनी उघडून पाहिलं. सत्त्याण्णवाव्या पानावर काका पडले होते. एकाच आकाराची दोन पुस्तकं एकदम बांधायला घेऊन बाइंडरने सोळा सोळा पानांचे गठ्ठे इकडचे तिकडे शिवले होते. म्हणजे बांधून आल्यापासून सासऱ्यांनी दोन्हीतलं एकही वाचलेलं नव्हतं. चष्मेवाल्यांनी पुस्तक मिटलं. पुढचं वाचायचा मोह त्यांना फार कष्टाने आवरावा लागला.

दुसऱ्या दिवशी ते सासऱ्यांना काडीचा दोरा काढून स्क्रू बसवायचा म्हणून दुकानात घेऊन गेले. नाहीतर सासरे कधी आले नसते. जावयाने माझे डोळे तपासायचे नाहीत, हा त्यांचा लेकीच्या लग्नापासूनचा नियम होता.

"बसलाच आहात तर हे जरा वाचून दाखवता?" चष्मेवाल्यांनी एक कार्ड त्यांच्या हातात दिलं.

सासऱ्यांनी कार्ड लांब धरलं. "यात काय वाचायचंय? सकाळ झाली. पक्षी घरट्याबाहेर आले. मुले शाळेत निघाली. आणि ही खालची बारीक ओळ, वाटेत नदी लागते. झालं समाधान? डोळे ठणठणीत आहेत माझे."

"बाबा," चष्मेवाले हळूच म्हणाले, "तुमच्या गावच्या चष्मेवाल्याच्या कार्डावर असतं ते. हे काचा कशा पुसायच्या त्याच्या सूचनांचं आहे."

सासऱ्यांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्याने उगाचच पुसत बसले. बाहेर एक गिऱ्हाईक आलं, त्याला चष्मेवाल्यांनी खुणेनेच नंतर या म्हणून सांगितलं.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"ही गेली तेव्हापासून," सासरे म्हणाले. "आधी वाटलं, डोळ्यांत पाणी असतं म्हणून दिसत नसेल. मग पाणी थांबलं, तरी अक्षरं काही येईनात. हेडमास्तरला वाचता येत नाही, हे कुणाला सांगू? लांबचं दिसतं हो. तुमचा टीव्हीसुद्धा मागे बसून स्पष्ट दिसायचा, म्हणून तर त्याचा राग यायचा. पुस्तकं समोर असली की निदान ती आहेत असं वाटतं."

सासऱ्यांच्या नाकावर तपासणीची फ्रेम चढवताना चष्मेवाले आयुष्यात पहिल्यांदाच गडबडले, आणि एक काच त्यांच्या हातून खाली पडली. दुसरी बसवली. मग तिसरी.

"अरेच्चा," सासरे कार्डाकडे बघत म्हणाले. "काच कोरड्या कापडाने घासू नये. आत्ता तेच केलं की मी!"

डोळ्यांत काही बिघाड नव्हता. नंबर वाढत गेला होता आणि माणूस अडून बसला होता, एवढंच.

नवा चष्मा आला त्या संध्याकाळी सासऱ्यांनी कादंबरी घेतली. चष्मेवाले मुद्दाम काही बोलले नाहीत. बऱ्याच वेळाने बाल्कनीतून एक भयंकर आरोळी आली.

"जावईबापू! कोंबड्या!"

"आहेत ना?" चष्मेवाले आनंदाने धावले.

"त्या बाइंडरला," सासऱ्यांनी सुरुवात केली, पण वाक्य तिथेच सोडून दिलं. ते खाली बघून वाचू लागले. रागाने लाल झालेला चेहरा हळूहळू निवळत गेला. त्या चित्रातल्या कोंबडीवरून त्यांनी परत एकदा बोट फिरवलं, या वेळी बघत. "हिचं पुस्तक आहे हे," ते म्हणाले. "मी चिडवायचो तिला. कोंबड्यांच्या पुस्तकाला पुस्तक म्हणतात का, म्हणायचो. ती हसायची आणि वाचायची. मी कधी उघडूनसुद्धा बघितलं नाही."

मग ते उठले, कपाटातून दुसरं लाल पुस्तक काढलं आणि सासूबाईंच्या नावाचं पान उघडून पहिल्यापासून वाचायला बसले. सोळा पानं झाली, आणखी सोळा झाली. बोळकांडीतून बायकोने विचारलं, "बाबा, आता टीव्ही परत लावायचा का?" चष्मेवाले शेजारी स्टूल घेऊन बसले होते. माळ्यावरच्या खोलीत काका पडले होते, उशाशी घडी केलेला चष्मा होता, पुढे डॉक्टर काय म्हणाले ते सगळं त्याच पुस्तकात होतं, आणि ते पुस्तक आता काही केल्या सासऱ्यांच्या हातून सुटत नव्हतं.

"बाबा," न राहवून ते म्हणाले, "मधली तेवढी पानं मला द्या ना. मग वाचा सावकाश."

सासऱ्यांनी मान वर केली नाही. बोट ओळीवर तसंच ठेवून दुसरा हात त्यांनी हवेत उंचावला.

"थांबा हो जरा. पिल्लांना अजून पिसं फुटायची आहेत."